सातवी फाइल

समिती येणार असल्याचं पत्र डिसेंबरात आलं आणि भिवंडीतल्या मुलींच्या कॉलेजात पहिल्यांदाच कुणाच्या तरी लक्षात आलं, की जिन्याला रंग लागून अकरा वर्षं झालीत. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल संपत आलं होतं. बंगळूरच्या मूल्यांकन संस्थेकडून तिघं जण फेब्रुवारीत दोन दिवस येणार, सगळं पाहणार आणि कॉलेजचा दर्जा ठरवणार. दर्जा ठरवतात म्हणजे नेमकं काय करतात, हे स्टाफरूममध्ये एकालाही धड ठाऊक नव्हतं. धाबं मात्र सगळ्यांचं दणाणलं.

काम येऊन पडलं साजिदाच्या गळ्यात. ती याच कॉलेजात शिकलेली, आता इथंच रसायनशास्त्र शिकवणारी, आणि अक्षर सुंदर. अक्षर सुंदर असणं हा कुठल्याही ऑफिसातला मोठा गुन्हा. प्रिन्सिपल नूर मोहम्मद साहेबांनी तिच्यापुढे सात रंगांच्या सात फायली ठेवल्या आणि म्हणाले, "मॅडम, कॉलेजची अब्रू आता तुमच्या हातात."

खरं सांगायचं तर त्या दोन महिन्यांत लोक जे राबले त्याला तोड नाही. एरवी बेल झाली की चपला शोधणारे प्रोफेसर संध्याकाळपर्यंत जुनी रजिस्टरं झाडत बसायचे. खारबावचा सावळाराम शिपाई प्रयोगशाळेतल्या बाटल्या एकेक करून धुवायचा आणि नव्या चिठ्ठ्या डकवायचा. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण कुठली बाटली कुठल्या फळीवरची, कुठली कधी आणली, हे अठरा वर्षांत डोक्यात पक्कं बसलेलं. एका बाटलीवर भलतीच चिठ्ठी होती, ती त्यानंच पकडली. "म्याडम, ही ती न्हाय," तो म्हणाला. साजिदानं तपासलं, तर खरंच ती ती नव्हती.

सहा फायली भरल्या. सातवी भरेना. तिच्यावर लिहिलेलं होतं, 'चांगल्या प्रथा'. म्हणजे इतर कॉलेजांत होत नाही असं तुमच्याकडे काय होतं, ते सांगा. साहेबांनी डोकं खाजवून वृक्षारोपणाचा एक फोटो दिला. फोटोतलं झाड शेजारच्या बकरीनं कधीच खाल्लं होतं. फाइल सातवी, कागद एक.

एवढा आटापिटा कशासाठी, तर गणितासाठी. कॉलेजात बी.एस्सी.ला गणित दोनच वर्षं होतं. अहवाल चांगला आला तर जूनपासून तिसऱ्या वर्षाला मान्यता मिळेल, असं विद्यापीठातून सूचित झालं होतं. नाहीतर दुसरं वर्ष झालेल्या मुलींनी कल्याणला जायचं. आणि आसपासच्या निजामपुऱ्यातल्या किती घरांतून मुलगी रोज कल्याणला पाठवतात, हे साजिदाला कुणी सांगायला नको होतं. कॉलेजच्या भिंतीला भिंत लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना असलेल्या गुलाम हुसेन शेठनी तर तोंडावर सांगितलं होतं. त्यांची लेक जोहरा दुसऱ्या वर्षात पहिली होती. "इथं होत असेल तर हवं तेवढं शिकू दे," शेठ म्हणाले, "कल्याण नाही." शेठ वाईट माणूस नव्हता. त्याची हिंमत कल्याणच्या वाटेवरच्या कोन गावच्या नाक्यापर्यंतच पोचत होती, इतकंच.

आता हे गणित शिकवायचं कोण, तर लडकू सर. आणि शिकवायचं कुठं, तर खोली नंबर नऊमध्ये.

नऊ नंबरच्या भिंतीपलीकडे शेठचे साठ लूम चालायचे. त्या खोलीत स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यायचा नाही, म्हणून कुणी तिथं तास घ्यायला तयार नसे. लडकू सरांनी एक्याऐंशी साली ती मागून घेतली. कोन गावचा शेतकऱ्याचा पोरगा. दिवसा कॉलेज आणि रात्रपाळीला लूम, असं करत एम.एस्सी. झालेला. लूमवर कारीगर एकमेकांशी तोंडानं बोलतच नाहीत, हातानं बोलतात. सरांनी तीच बोली वर्गात आणली. तळवा फिरवला की पुढे चला. मूठ मिटली की थांबा. दोन्ही तर्जन्यांची टोकं जुळवून फाकवली की धागा तुटला. म्हणजे गणितातली एक पायरी सुटली, मागे या. ही खूण मुलींनी करायची आणि सरांनी मागे यायचं. वर्गात 'समजलं का' असं विचारावंच लागत नसे. साजिदा स्वतः त्या खोलीत दोन वर्षं बसली होती. तिला गणित जे काही येत होतं ते त्या हातांनी शिकवलेलं.

साहेबांना नेमकी त्याचीच धास्ती. "मास्तर हातवारे करतोय, पोरी बोटं नाचवतायत, हे पाहून समिती काय म्हणेल? त्यात सरांची ती भाषा, हाय आणि न्हाय. मॅडम, दोन दिवसांचा प्रश्न आहे. सरांना रजा घ्यायला सांगा. तुमचं ऐकतील." शेठना सांगून दोन दिवस लूम बंद ठेवायचे, नऊ नंबरला कुलूप घालायचं आणि दारावर 'भांडार' अशी पाटी लावायची, असं ठरलं.

साजिदानं नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. जोहराचं तिसरं वर्ष डोळ्यांपुढे आणलं आणि त्याच्या आडोशाला उभी राहून तिनं सरांना सांगितलं.

सर खडूची बोटं नेहमी पँटीला पुसायचे, तशी पुसत राहिले. "बरं हाय," ते म्हणाले. "माझ्यामुळं पोरींचं वरीस अडायला नको. अर्ज देतो." आणि तिच्याकडे न पाहता वर्गात गेले. आपण काय केलंय ते साजिदाला चांगलं कळत होतं.

समिती आली. अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या, हैदराबादकडच्या, गणिताच्याच. बोलणं कमी, नजर पक्की. पहिल्या दिवशी लूम बंद. भर दुपारी बाराला भिंतीपलीकडे सगळं शांत, आणि आमचे प्रोफेसर सवयीनं पार फाटकापर्यंत ऐकू जाईल असे ओरडून शिकवतायत. इतिहासाच्या तासाला तर समितीतल्या एका सभ्य गृहस्थांनी कानावर हात ठेवला. "इथे सगळे इतक्या मोठ्यानं का बोलतात?" बाईंनी हिंदीत विचारलं. साहेब म्हणाले, "उत्साह, मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दुसरी फाइल चाळत बसल्या होत्या. एका पानावर थांबल्या. "गणित. सात वर्षांत नापास फक्त चार. हजेरी सगळ्यांत जास्त. हा वर्ग मला दिसला नाही."

"सर रजेवर आहेत," साहेबांनी सांगितलं.

बाईंनी साजिदाकडे पाहिलं. त्या पानाखाली सही तिची होती. साजिदा उभी राहिली. "रजेवर गेले नाहीत," ती म्हणाली. "आम्ही पाठवलं. मीच जाऊन सांगितलं. त्यांची शिकवण्याची पद्धत तुम्हाला आवडणार नाही अशी आम्हाला भीती वाटली. बाहेर भांडार लिहिलेली खोली त्यांचा वर्ग आहे."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. तिसरं वर्ष गेलं, असंच त्या क्षणी दोघांनाही वाटलं.

"आता कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

उत्तर दारातून आलं. चहाचा ट्रे धरून सावळाराम उभा होता. "सर इथंच हायेत, म्याडम. शेजारी, शेठच्या लूममदी. काल पण व्हते. रजा कालेजाला दिली, पोरींना न्हाय दिली."

सगळे उठून कारखान्यात गेले. साठ लूम गप्प उभे होते. मधल्या मोकळ्या जागेत मुली गोणपाटांवर बसल्या होत्या. खोली भांडार वाटावी म्हणून नऊ नंबरमधला फळा काढून टाकला होता, तो सावळारामनंच इथं आणून भिंतीला टेकवला होता. दारात गुलाम हुसेन शेठ टोपी हातात घेऊन उभे होते. लेक काय शिकते ते आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

एक शब्द ऐकू येत नव्हता. लूम बंद होते, ओरडायची गरज नव्हती आणि हातानं शिकवायचीही नव्हती. पण अठरा वर्षांची सवय, सर हातानंच शिकवत होते. खडू चालायचा, तळवा फिरायचा, मुली मान हलवायच्या. मध्येच जोहरानं तर्जन्या जुळवून फाकवल्या. सर थांबले, दोन ओळी मागे गेले आणि सुटलेली पायरी लिहिली.

"हे काय केलं तिनं?" बाईंनी हळूच विचारलं. साजिदानं सगळं सांगितलं. धागा, मूठ, तळवा, रात्रपाळी, साठ लूम. बाई ऐकत होत्या, पण डोळे फळ्यावर होते. पाहुणे पाठीमागे उभे आहेत हे सरांना कळलं होतं आणि त्यांचा खडू जरा घाईत आला होता. एका ओळीत त्यांनी दोन्ही बाजूंना एका पदानं भागलं आणि पुढे निघाले.

अध्यक्षबाईंनी पर्स काखेत धरली, दोन्ही हात वर केले, तर्जन्या जुळवल्या आणि फाकवल्या.

सर थबकले. फळ्याकडे पाहिलं. ते पद शून्य नसेल तरच भागता येतं, आणि ते सांगायचं राहिलं होतं. त्यांनी ती अट लिहिली आणि बाईंना वाकून नमस्कार केला. मुली हसल्या. बाईंनी तळवा फिरवला, पुढे चला.

मग त्या शेठना म्हणाल्या, "आता लूम चालू करा." शेठनी खटका दाबला. एकेक करत साठही लूम धडधडायला लागले. समितीतले सभ्य गृहस्थ काहीतरी बोलत होते, ते त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नसेल. वर्ग मात्र जिथं होता तिथून पुढे सरकला. एकाही मुलीनं मान वळवली नाही. अध्यक्षबाई गोणपाटावर बसल्या आणि तास संपेपर्यंत उठल्या नाहीत.

जाताना त्यांनी सातवी फाइल मागितली. आत बकरीनं खाल्लेलं झाड होतं. त्यांनी ते पान काढून साहेबांच्या हातात दिलं आणि साजिदाला म्हणाल्या, "मला आत्ता जे सांगितलंत ते लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे."

दर्जा मेमध्ये कळला आणि मान्यता जूनमध्ये आली. नऊ नंबरवरची 'भांडार'ची पाटी साहेबांनी स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन काढली. माणसाला आपली चूक अशी हातानं काढता आली पाहिजे. साजिदाला मात्र चार महिने ते जमलं नव्हतं. सर भेटायचे, विचारपूस करायचे, जणू काही घडलंच नव्हतं, आणि त्यानं तिची जीभ आणखीनच जड व्हायची.

तिसऱ्या वर्षाचा पहिला तास होता. एकोणीस मुली, पुढच्या बाकावर जोहरा, पलीकडे साठ लूम सुरू. साजिदा दारात येऊन उभी राहिली. सरांनी पाहिलं आणि मूठ मिटून वर्ग थांबवला.

आता बोलून तरी काय ऐकू येणार होतं. तिनं तर्जन्या जुळवल्या आणि फाकवल्या. मग बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. धागा तुटला, माझ्या हातून. डोळे भरून आले होते, तिनं पुसले नाहीत.

सरांनी खडू खाली ठेवला. दोन्ही हातांची चिमूट करून हवेतच एक छोटी गाठ मारली, ताणून पाहिली, आणि तिच्याकडे बघत तळवा फिरवला.

मग ते फळ्याकडे वळले. साजिदा तिथं आणखी थोडा वेळ उभी राहिली आणि आपल्या तासाला गेली.