माशाचा डावा

ओल्या फडक्यात धरलेला मासा तिने वजनकाट्यावरून उचलला, त्याच्या पोटाखालून बोट फिरवलं आणि ती थांबली.

“बोला की,” काका म्हणाले. पेन रजिस्टरवर टेकून तयार होतं.

टाकी ४. मासा १८. वजन २१२ ग्रॅम. कापलेला पर: उजवा.

“उजवा?”

“दिसतंय ते लिहा, काका.”

नव्वद दिवसांपूर्वी या टाकीतल्या चाळीसही माशांचा पोटाखालचा डावा पर, पोहायचा पंख, तिने स्वतः कातरला होता. बाहेरचा मासा शिरला तर कळावं म्हणून. चूक होणं शक्य नव्हतं, कारण पहिल्याच दिवशी काकांनी तिला बजावलं होतं: डावा म्हणजे माशाचा डावा, आपला नाही. मासा पोहतो तसाच धरायचा, पाठ वर, तोंड पुढे. उताणा करायचा नाही. घाबरतो बिचारा, आणि आपलंही डावं-उजवं फिरतं.

बावीस वर्षं टाक्या सांभाळणाऱ्या माणसाने सांगितलं होतं. तिने आजवर एकही मासा उताणा धरला नव्हता.

मासा १९. डावा.
मासा २०. डावा.
मासा २१. उजवा.
मासा २२. उजवा.

डावे पर पुन्हा उगवलेले, वाकडे, सुरकुतलेले. उजवे अजून आखूडच, कडा सरळ. म्हणजे कात्री अलीकडची. महिन्याभरापूर्वीची.

महिन्याभरापूर्वी ती इथे नव्हती. आईच्या ऑपरेशनसाठी बारा दिवस गावी गेली होती.

“काका, मी नव्हते तेव्हा चार नंबरमध्ये मासे मेले होते का?”

काकांनी पेनाचं टोक शर्टाला पुसलं. “तुमच्या माशांचं काय, ताई, ते वेळेवर जेवत होते. उपाशी मीच राहायचो.”

ती हसली नाही.

“मेले होते का?”

“शून्य लिहिलंय की.”

“तुम्ही लिहिलंय.”

“अक्षर माझंच आहे,” काका म्हणाले आणि हवेच्या पंपाची नळी उगाचच सरळ करू लागले.

तिने मागची पानं उलटली. बारा दिवस, बारा शून्यं. सगळी एकाच पेनाने, एकाच दमात काढल्यासारखी. टाकी चारमध्ये तिच्या मार्गदर्शक सरांच्या नव्या खाद्याची चाचणी चालू होती. उद्या समितीपुढे अहवाल जायचा होता. समितीने मान डोलावली की या हंगामात ते खाद्य शेकडो तळ्यांत पडणार होतं. तिची तीन वर्षांची पदवीही त्याच अहवालावर अडली होती.

मासा ४०. उजवा. अकरावा.

चाळीसातले अकरा. तिने मासा शेजारच्या बादलीत सोडला.

“माझा विश्वास होता तुमच्यावर,” ती हळूच म्हणाली.

काकांनी वर पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारात बूट वाजले आणि ते मिटलं.

“झालं का? जगण्याचं प्रमाण शंभर टक्के ना?” सर आत आले. बाह्या दुमडलेल्या, हात कोरडे. मत्स्यसंशोधन केंद्राचे प्रमुख झाल्यापासून ते टाक्यांकडे क्वचितच फिरकत.

“सर, अकरा माशांचा उजवा पर कापलेला आहे.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

“काय हो काका? या वयात डावं-उजवं कळेना झालं? मला न विचारता काही उद्योग केलात का?” ते हसून म्हणाले. “तुमचं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय ना? विचार करावा लागेल.”

काका खाली बघत राहिले. रजिस्टर त्यांनी पोटाशी धरलं होतं.

“मी तर त्या दिवसांत पिल्लांच्या तळ्यावर होतो,” ते जमिनीला सांगावं तसं म्हणाले. “इथलं रजिस्टर मागाहून भरलं. सांगितलं तसं.”

“कोणी सांगितलं?” तिने विचारलं.

काकांनी रजिस्टर पोटाशी आणखी दाबलं.

“अगं, तुझंच बघण्यात काहीतरी चुकतंय,” सर म्हणाले. “आण इकडे.”

त्यांनी बादलीत हात घातला आणि तिने नुकताच ठेवलेला चाळिसावा मासा बाहेर काढला. सवयीने, न अडखळता, तळहातावर उताणा केला. पांढरं पोट वर. अंगठा एका बाजूला टेकवला.

“हा काय! डावाच तर आहे.”

अंगठा सरांच्या डावीकडे होता, माशाच्या उजवीकडे.

तिने काकांकडे पाहिलं. काका माशाकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

सरांचा अंगठा क्षणभर तिथेच राहिला. मग हलला.

“हे बघ, उद्या समिती आहे,” ते सावकाश म्हणाले. “डावा लिहून टाक. तुझ्याही भल्याचंच आहे.”

तिने फडकं पिळून टाकीच्या काठावर ठेवलं. काकांपाशी जाऊन हात पुढे केला.

“द्या. पुढचं मी लिहिते.”

“ताई, राहू दे. माझ्याच अक्षरात जाऊ दे.”

“नको काका.”

पेन त्यांच्या बोटांतून सुटायला थोडा वेळ लागला. तिने पान बदललं नाही. शेवटच्या ओळीखालीच लिहायला घेतलं. तिचं अक्षर काकांच्यापेक्षा बारीक होतं, पण शाई तीच.

टाकी ४. उजवा पर कापलेले, बाहेरून आलेले मासे: ११. मूळचे मासे, बेपत्ता: ११.

खाली तिने पूर्ण नाव लिहून सही केली.

“सर,” ती मान वर न करता म्हणाली, “मासा पाण्यात सोडा. कधीचा उताणा आहे.”