शिवदासच्या रेडिएटरमधलं पाणी

ट्रकवाला आपल्या इंजिनाबद्दल खरं बोलेल तर शपथ. तळा गावात गॅरेज टाकल्यापासून हाच माझा अनुभव. म्हणून दिघीच्या शिवदास कोळ्याचा निरोप आला, "गाडी एअर धरते, बाकी काय न्हाय," तेव्हा मी सगळी हत्यारं पिशवीत भरूनच निघालो.

शिवदासचे दोन्ही भाऊ समुद्रात बुडून गेले होते. तिसरा जायला नको म्हणून बायकोने, नीराबाईने, हट्टाने होडी विकायला लावून हा जुना डिझेल ट्रक घ्यायला लावला होता. त्यातून तो सुकी मासळी घाटावर पोचवायचा. ट्रक बंद पडला तर दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होण्यावाचून त्याला गत नव्हती.

एअर खरंच होती. डिझेलच्या नळीचा नट ढिला होऊन तिथून हवा आत शिरत होती. तो आवळला, एअर काढली, इंजिन चालू झालं. शिवदासचा चेहरा खुलला.

"थांब जरा," मी म्हटलं.

धूर पांढरा येत होता आणि इंजिन तापलं तरी थांबत नव्हता. ऑइलची पट्टी काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. म्हणजे पाणी आत शिरत होतं. गॅसकेट गेलं असेल तर बरं, असं म्हणत इंजिनाचं हेड उतरवलं. गॅसकेट धड होतं. सिलिंडरचे लायनर बाहेर काढले तेव्हा कळलं. पाण्याच्या बाजूने इंजिनाचा अख्खा ब्लॉक कुजला होता, पेचकस टेकवला की लोखंडाचे पापुद्रे सुटत होते.

रेडिएटरमधलं उरलेलं पाणी जिभेला लावलं. खारट. माझं डोकंच फिरलं.

"खाडीचं पाणी ओतलंस होय रे?"

"न्हाय मिस्त्री, पोरांची आन. वाड्यातल्या हिरीचं गोडं पानी घालतो. नीरा रोज भरून ठेवते."

"मला वेडा समजतोस काय?"

नीराबाई घरात गेली आणि पिण्याच्या हंड्यातलं पाणी पेल्यात घेऊन आली. मी घोट घेतला. थुंकणारच होतो, पण ती समोर उभी होती, म्हणून गिळला.

"हे खारट आहे, वहिनी."

तिने पेला घेऊन चव पाहिली. शिवदासने पाहिली.

"गोडं तर हाय," ती म्हणाली. "आमी जल्मापास्नं हेच पितो."

आता रागवायचं तरी कुणावर? दोघांनी काही म्हणता काही लपवलं नव्हतं. खाडीचं पाणी विहिरीतच झिरपत होतं, आणि यांची जीभ त्याला सरावली होती. तरी सांगणं भाग होतं, म्हणून सांगितलं. ब्लॉक सांधता येणार नाही, गाडी संपली.

शिवदासने बोनेटवरून हात फिरवला. मग म्हणाला, "धर्मा कोळ्याच्या होडीवर मानूस पायजे हाय. इचारून येतो." आणि बंदराच्या वाटेला लागला.

मी हत्यारं गोळा करायला लागलो. नीराबाई पायरीवर बसली होती.

"पयला हंडा मी गाडीला घालायची," ती म्हणाली. "मंग पोरांना."

मी पान्हे पिशवीत टाकत राहिलो. तिने पेल्यातला आणखी एक घोट घेतला, तोंडात घोळवत ठेवला, आणि मान हलवली. तिला तो अजून गोडच लागत होता.