देवघरातल्या गोळ्या

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या सकाळी कोकिळाबाई एकादशीचा उपास धरूनच सिंदी मेघेला भावाच्या घरी आल्या. भाच्याची, कैलासची, सोयरीक त्यांनीच जुळवलेली. बोरगावच्या रूपरावांनी पोरीसाठी एकच विचारलं होतं, "कैलास पेत त नाई?" दारूबंदीच्या जिल्ह्यात बाटली कुठं मिळते हे शेंबडं पोरही सांगतं, म्हणून. "नाई," असं कोकिळाबाईंनी छातीठोक सांगितलं होतं, आणि त्यांच्या तोंडून खोटं निघत नाही हे सगळं बोरगाव जाणून होतं.

दिवा लावायला त्या देवघरात गेल्या. पाटावरचं लाल वस्त्र सारखं करताना खाली गोळ्यांची पाकिटं लागली. त्यांच्याच गुडघेदुखीच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या. कैलासच दुकानातून आणून द्यायचा. "डॉक्टरनं कमी केल्या, आत्या," म्हणायचा. त्या दुखणं सोसत त्याला आशीर्वाद द्यायच्या.

"बोभाटा करू नोका, बाई," कैलासची आई, रुख्मिणी वहिनी, मागून कुजबुजली. "त्याच्या हाती ठेवल्या त पुऱ्या खाते. मीच मोजून देतो. आज हात थरथरत होते, म्हणून जास्तीच्या देल्या."

बाहेरच्या खोलीत कैलास नव्या कुर्त्यात खुर्चीवर पेंगत होता. हनुवटी छातीवर, श्वास संथ. ओठावर माशी बसली होती, त्याला पत्ता नव्हता.

"काऊन डोळे वटारून राह्यली?" भाऊ वासुदेवराव म्हणाले. "दारूचंच विचारलं ना त्यायनं? तोंडाले वास येते का त्याच्या? खोटं कोण बोललं?"

"मी बोलली. तुह्या भरवशावर."

"लग्न झालं का येते ताळ्यावर. बायको सांभाळते."

ज्याला कडेवर खेळवलं, त्या भावानं त्यांची गळ्यातली तुळशीमाळ, त्यांचे उपास, त्यांचं नाव सोयरिकीच्या बाजारात खपवलं होतं. कोकिळाबाईंनी पायात चपला सरकवल्या. तडक रूपरावांच्या दारी गेल्या आणि बसायच्या आधी सगळं सांगून टाकलं.

रूपराव घाम पुसत राहिले. "स्वयंपाक झाला, बाई. सोयरे आले. लग्नानं सुधरतेही म्हणतात..."

"बाबा," आतून आकांक्षा म्हणाली, "मले नवरा पाहून राह्यले का पेशंट?"

रूपरावांनी उठून आचाऱ्याला चूल विझवायला सांगितली.

कोकिळाबाई परत आल्या तेव्हा कैलासनं डोळे किलकिले केले. "मोडलं का, आत्या?"

"हो. मी मोडलं. ऊठ, सेवाग्रामच्या दवाखान्यात जाऊ. तिथं सगळं खरं सांगजो."

"अन् नाई सुटल्या गोळ्या त?"

"त पुन्हा नेईन."

वासुदेवराव चौकटीवर हात टेकून दारात आडवे आले. "आजपासून तू माही बहीण नाई. अन् याले बाहेर नेऊन गावभर शोभा करू नोको."

कैलास खुर्चीला धरून उभा राहिला. बापाकडे बघायचं धाडस त्याच्यात नव्हतं. आयुष्यात नवऱ्यापुढे कधी आवाज न चढवलेली रुख्मिणी तेव्हा पुढे आली. तिनं चौकटीवरचा त्यांचा हात धरला आणि शांतपणे खाली घेतला.

"जाऊ द्या त्याले," ती म्हणाली. "मीही चालली सोबत."