गरम आहे तोवर

काकूंनी गॅसवरचं पातेलं उतरवायला फडकं उचललं, तर चिमणीने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"आज तुमची पाळी नाही. बसा गप."

"अगं, उतू जाईल."

"जाऊ दे. ओटा पुसायची पाळीही माझीच आहे."

काकू खाटेच्या कडेला टेकल्या. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात चाळिशी उलटलेल्या त्या एकट्याच होत्या. घरापासून कॉलेज लांब, म्हणून वर्गातल्याच दोन मुलींबरोबर ही खोली भाड्याने घेतली होती. एकीच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, ती चिमणी. दुसरी सगळ्यांच्या चुका काढायची, ती मास्तरीण. खरी नावं हजेरीपुरती.

काकू आल्या, आता जेवणाची चिंता मिटली, असं मुलींनी म्हटलं असतं तर काकूंना त्यात वावगं वाटलं नसतं. पण मास्तरणीने पहिल्याच संध्याकाळी पाळ्या ठरवून टाकल्या. स्वस्तात पोट भरायचं म्हणून बहुतेक दिवस पास्ताच. सुट्या पास्त्याची मोठी पिशवी, बाजार उठता उठता मिळणारे मऊ पडलेले टोमॅटो, लसूण, थोडं लाल तिखट. चीज परवडत नसे. त्याऐवजी शिळ्या पावाचा चुरा लसणाबरोबर तेलात कुरकुरीत परतायचा आणि वरून पेरायचा. काकूंनी आयुष्यभर स्वयंपाक केला होता, पण हे त्यांना या पोरींनी शिकवलं.

चिमणीने पहिलं ताट भरून काकूंच्या हातात दिलं. काकू ते तसंच धरून बसल्या.

"खा की."

"तुम्ही बसा ना आधी. सगळ्यांचं वाढून होऊ दे."

"सगळ्यांचं होईपर्यंत त्याचा गोळा होतो," मास्तरीण म्हणाली. "गरम आहे तोवर खायचं असतं."

काकूंनी घास घेतला. जीभ भाजली. दुसऱ्या कुणी रांधलेलं, वाफाळणारं, आणि तेही सगळ्यांच्या आधी. लग्नानंतर आपण असं कधी जेवलो होतो, ते त्यांना आठवेना. त्यांनी मान खाली घालून मनगटाने नाक पुसलं.

"तिखट झालं का हो?" चिमणीने घाबरून विचारलं.

"नाही गं. छान झालंय."

त्याच आठवड्यात नणंदेचा फोन आला.

"दादा किती वाळलाय, वहिनी! काल मी गेले तर ऐन जेवायच्या वेळेला बाबा चहात बिस्किटं बुडवून खात बसलेले. तू शिक गं बाई, माझी ना नाही, पण..."

काकूंचा जीव त्या 'पण'पाशीच अडकला. सासऱ्यांचं वय झालेलं, नवरा दिवसभर छापखान्यात उभा. आणि आपण इथे ताट हातात घेऊन बसतो.

शनिवारी घरी निघताना त्यांनी दोन दिवसांचे कपडे पिशवीत टाकले, मग पुस्तकं टाकली, मग रजईसुद्धा कोंबली. चिमणी बघत होती. एरवी अखंड बोलणारी ती पोर पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभी राहिली.

मास्तरीण म्हणाली, "सोमवारी रक्तदाब मोजायची परीक्षा आहे. माझ्या दंडाला पट्टा तुम्हीच बांधा. बाकीच्या फार आवळतात."

"बघू," काकू म्हणाल्या.

गाडीत त्यांनी मनाशी पक्कं केलं. गेल्या गेल्या स्वयंपाकघर आवरायचं, रात्रीचं जेवण करायचं आणि जेवताना सांगून टाकायचं, की झालं तेवढं शिक्षण पुरे.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत लसणाचा वास पसरला होता. नवरा बाह्या दुमडून ओट्याशी उभा होता आणि वाफेने त्याच्या चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या.

"अहो, हे काय?"

"थांब, थांब. आता लक्ष हटलं की लसूण करपतो."

"पास्ता? तुम्हाला कुणी शिकवला?"

"तुझ्या त्या चिमणीने. मी फोन केला तेव्हा तू आंघोळीला गेली होतीस. काय जेवता गं, एवढंच विचारलं, तर तिने मला सोडलंच नाही. सगळं पाठ म्हणून दाखवायला लावलं!"

सासरे टेबलाशी चमचा घेऊन तयारच बसले होते. "काल रबर झालं होतं," ते म्हणाले. "आज बघायचं."

"बाबा, तुम्ही जेवणाऐवजी बिस्किटं खाता म्हणे?"

"जेवणाऐवजी कशाला? जेवणाच्या आधी खातो. तुझी नणंद नेमकी त्याच वेळेला उगवते."

नवऱ्याने पातेलं आणून मध्ये ठेवलं. पास्ता जागोजाग चिकटला होता; चमच्याने फोडून फोडून त्याने तिन्ही ताटं भरली. त्याचा सदरा खांद्यांवर सैल झाला होता.

"वाळलात तुम्ही."

"पोट उतरलंय. छापखान्यातले विचारतात, काय उपाय केलात म्हणून."

काकूंनी खाल्लं. मीठ कमी होतं, लसूण एका बाजूने काळा पडला होता. सासरे मात्र मिटक्या मारत होते.

पाणी आणायला उठलेला नवरा वाटेतल्या पिशवीला अडखळला. बाजूला सरकवायला म्हणून त्याने ती उचलली आणि वजन लागताच थांबला. तोंडाशी रजईचं टोक डोकावत होतं. त्याने ते नीट आत सारलं, बंद ओढून घट्ट गाठ मारली आणि पिशवी आतल्या खोलीत न नेता दाराजवळ भिंतीशी उभी करून ठेवली.

मग पाण्याचा तांब्या घेऊन येऊन बसला. "परतीची गाडी कितीची आहे?"

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. तो पाणी ओतत होता.

"उद्या संध्याकाळची," त्या म्हणाल्या, आणि ताट पुढे केलं. "अजून थोडं वाढा."