विहिरीचं कुलूप

टेलरमास्तरांचा संशयी स्वभाव गल्लीला पाठ होता. गिऱ्हाइकाने सांगितलेल्या मापावरही त्यांचा विश्वास नसे. त्यामुळे नात तापाने अंथरुणाला खिळली, तेव्हा त्यांचं बोट लगेच शेजारच्या बेकरीवाल्याकडे वळलं. दोन्ही घरांची विहीर एकच, आणि आधी आजारी पडली ती त्याची मुलं. मास्तरांनी विहिरीच्या जाळीला कुलूप ठोकलं. बेकरीवाला बिचारा लांबच्या नळावरून पाणी आणू लागला.

पंधरा दिवसांत त्याची मुलं खडखडीत बरी झाली आणि नातीचा ताप मात्र हटेना. "पाहिलंस? यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे," मास्तर सुनेला म्हणाले.

मग आरोग्यसेविका आल्या. विहिरीत घाण कुठून झिरपते ते कळावं म्हणून त्या संडासात हिरवा रंग ओतणार होत्या. आधी शेजाऱ्याकडे ओता, असा मास्तरांनी हट्ट धरला. सेविकांनी तसं केलं. चार दिवस मास्तर डोळ्यांत तेल घालून विहिरीवर बसले. पाणी नितळच राहिलं.

"आता तुमच्याकडे," म्हणत सेविकांनी पालिकेची जुनी नोंदवही उघडली. सत्तर वर्षांपूर्वी याच गल्लीत पटकीने नऊ माणसं गेली होती. संडासाचा खड्डा विहिरीपासून लांब हलवा, असं तेव्हा पालिकेच्या निरीक्षकाने मास्तरांच्या आजोबांना बजावलं होतं. याचा आपल्या जागेवर डोळा आहे, असं म्हणून आजोबांनी निरीक्षकालाच हाकलून दिलं. खड्डा अजून तिथेच होता.

मास्तरांनी नाइलाजाने रंग ओतू दिला, पण किल्ली खिशातून काढली नाही. तिसऱ्या सकाळी त्यांनी स्वतः कुलूप उघडून बादली ओढली. पाणी हिरवंगार!

कुणी मुद्दाम रंग टाकला म्हणावं, तर किल्ली एकच, आणि ती त्यांच्याच खिशात. हेच पाणी त्यांनी आपल्या हाताने नातीला पाजलं होतं.

मास्तरांनी तेच कुलूप आपल्या संडासाच्या दाराला लावलं आणि ते बेकरीवाल्याकडे गेले.

"नवा खड्डा लांब खणेपर्यंत आम्ही सार्वजनिक संडासात जाऊ. किल्ली तुम्ही ठेवा. माझा माझ्यावरच भरवसा नाही."

बेकरीवाल्याने किल्ली घेतली आणि नळावरून भरून आणलेली कळशी पुढे केली. "आधी हे पोरीला न्या."

नात महिन्याभरात हिंडूफिरू लागली. मंडळी, साथ आली की आपली नजर शेजाऱ्याच्या दाराकडे जाते. संशय जरूर घ्या, पण सुरुवात आपल्या अंगणातल्या खड्ड्यापासून करा.