सातवं मत

फोन वाजला की त्या घरात हल्ली कुणी जागचं हलत नसे.

सकाळची घाईची वेळ. मुलगी शाळेचे बूट घालत होती, बायको डबा भरत होती आणि चष्मेवाले आरशापुढे उभे राहून दाढी करत होते. घंटा वाजली आणि वस्तरा गालावरच थबकला. बायकोने झाकण हातात धरून नवऱ्याकडे पाहिलं. घंटा वाजतच राहिली. शेवटी आतल्या खोलीतून चष्मेवाल्यांची आई काठी टेकत आली आणि तिने फोन उचलला.

"बोला! कोण हवंय?... जरा मोठ्याने बोल बाबा, मला कमी ऐकू येतं."

खरं तर म्हातारीला भिंतीपलीकडचंही ऐकू येत असे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून देण्यात तिची सगळी नोकरी गेली होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं, दोनदा "बरं, बरं" म्हणाली आणि मग विचारलं, "सकाळपासून पोटात काही गेलंय का तुझ्या?"

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज सगळ्यांनाच ऐकू आला.

"काय म्हणाला?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

आईने नातीकडे नजर टाकली. "पोरीला उशीर होतोय. जाऊ दे तिला आधी."

पोरगी जिना उतरून गेली तेव्हा ती म्हणाली, "तेच. उद्याच्या बैठकीला जाऊ नको म्हणाला. आणि पोरीच्या शाळेचा रस्ता आपल्याला ठाऊक आहे, असं म्हणाला."

अर्धी दाढी तशीच ठेवून, पायात चपला अडकवून चष्मेवाले जिन्यावरून धावले आणि शाळेच्या फाटकापर्यंत मुलीच्या मागे मागे गेले. वाटेत एक गाडी हळू झाली तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गाडीवाला फक्त पत्ता विचारत होता!

आता हे प्रकरण काय होतं, ते सांगायला हवं.

शहराच्या टोकाला घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होतं. एके काळी तिथे पाय ठेवायला जागा नसे. आता गॅलरीत माणसांपेक्षा कबुतरं जास्त. तरीही दर वर्षी नगरपालिका त्या मैदानाच्या घशात पैसा ओतत होती, आणि दर वर्षी मैदान पुन्हा आ वासून उभं राहत होतं. तिकडे नगरपालिकेच्या सूतिकागृहाचं छप्पर कोसळून ते बंद पडलं होतं आणि कळा सुरू झालेल्या बायकांना शेजारच्या शहरात न्यावं लागत होतं. त्या पावसाळ्यात एक बाई वाटेतच दगावली. तेव्हा लोक चिडले आणि शर्यतींचं अनुदान चालू ठेवायचं की बंद करायचं, हे ठरवायला सात जणांची समिती नेमली गेली.

तिघे म्हणत होते, चालू ठेवा. शहराची शान आहे ती. तिघे म्हणत होते, बंद करा. सातवे होते आपले चष्मेवाले. बाजारात चष्म्याचं छोटंसं दुकान, स्वभाव असा की ना कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुणालाच दुखवत नाहीत म्हणून लोकांनी त्यांना नगरपालिकेत निवडून दिलं होतं. कुणाला न दुखवता मत देता येत नाही, हे तेव्हा त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि आता घोडामैदान जवळ आलं होतं!

आधी फोन आले. मग एके सकाळी दुकानाची काच फुटलेली दिसली. चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमी फरशीवर विखुरल्या होत्या आणि मधोमध दगड. शेजारच्या घड्याळवाल्याने काचा गोळा करायला मदत केली, पण काय झालं, कुणी केलं, हे विचारलं नाही. गिऱ्हाइकं कमी झाली. नेहमीचे लोक समोरच्या फुटपाथवरून जाऊ लागले. चष्मेवाले दुकानात एकटे बसून दरवाजाकडे बघत राहत, आणि दरवाजा उघडला की दचकत.

घरात वेगळाच पेच होता. बायकोचा धाकटा भाऊ त्याच मैदानावर घोड्यांची देखभाल करत होता. 

"तू सांग, काय करू?" असं विचारलं की ती म्हणे, "मला विचारू नका. एकीकडे माझा भाऊ आहे, दुसरीकडे मेलेली ती बाई आहे. मी काहीही बोलले तरी कुणाचा तरी घात करीन."

त्या दिवशी शाळेच्या फाटकावरून परतल्यावर चष्मेवाल्यांनी उरलेली दाढी केली, तोंड पुसलं आणि जाहीर केलं, "मला ताप आलाय."

बायकोने कपाळाला हात लावला. "अंग तर गार आहे."

"उद्यापर्यंत येईल. मी बैठकीला जात नाही. सहा जण आहेत, घालू देत घोळ."

"सहा जणांत तीन तीन होतील," आई म्हणाली, "आणि निर्णय झाला नाही तर जुनंच चालू राहील. म्हणजे तू घरी बसून मत देणार, एवढंच."

"आई, माझ्या मुलीचा प्रश्न आहे!"

"माझी नात आहे ती. मला काय भीती वाटत नाही? मघाशी फोन ठेवला तेव्हा माझा हात थरथरत होता, तुम्ही बघितला नाहीत." ती खुर्चीत बसली. "घाबरलास म्हणून मी तुला नावं ठेवत नाही. पण अरे, ज्याला एकदा कळलं की हा माणूस फोनवर गप्प होतो, तो पुढच्या वेळी पुन्हा फोनच करणार. आज शर्यतीसाठी, उद्या आणखी कशासाठी. मग पोरीच्या मागे किती वर्षं चालत जाशील?"

बायको डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. तेव्हा आईने चष्मेवाल्यांना जवळ बोलावलं आणि आवाज खाली केला.

"तो फोनवाला तुझ्यापेक्षा जास्त घाबरलेला आहे. शिकवलेलं बोलतो. मध्येच थांबतो, शेजारी कुणीतरी उभं असावं तसा. मी जन्मभर माणसांचे आवाज ऐकले. तोंडाला रुमाल लावला म्हणून काय आवाज लपतो?"

"म्हणजे तू ओळखलंस?"

"पहिल्याच दिवशी. तो तुझा मेहुणा आहे."

चष्मेवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. हा मुलगा त्यांच्या लग्नात त्यांचं बोट धरून फिरला होता. मुलीला पहिल्यांदा सायकलवर बसवलं ते यानेच. तिचा सख्खा मामा!

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"वाटलं, माझा आवाज ऐकून त्याला लाज वाटेल आणि तो थांबेल. लाजेपेक्षा त्याची भीती मोठी निघाली." आईने त्यांच्या हातावर हात ठेवला. "जा. भांडायला जाऊ नको. त्याला कसली भीती आहे, तेवढं विचारून ये."

दुपारी चष्मेवाले मैदानावर गेले. जाताना दोनदा माघारी वळले, हे खरं आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि काही न बोलता आत सोडलं. तबेल्यांची लांब ओळ, ओल्या गवताचा आणि लिदीचा वास, अंधाऱ्या कप्प्यांतून बाहेर बघणारे मोठे मोठे डोळे. मागून एका घोड्याने फुरफुर केली तर ते भिंतीलाच चिकटले.

शेवटच्या कप्प्यात मेहुणा गुडघ्यावर बसून एका तपकिरी घोडीच्या पायाला पट्टी बांधत होता. त्याने वर पाहिलं आणि पट्टीचं भेंडोळं त्याच्या हातातून गळून पडलं.

"भावोजी, तुम्ही? इथे?"

"सकाळी फोन तू केलास ना?"

मेहुणा भिंतीला टेकून मटकन खालीच बसला आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागला.

"मैदानाचे सेक्रेटरी शेजारी उभे असतात. ते सांगतात ते बोलायचं. नाही बोललास तर सगळ्यांत आधी तू रस्त्यावर, म्हणाले. तुझ्या मागे सगळा तबेला. आणि घोडी कसायाला."

"आणि माझी मुलगी? तुझी भाची?"

"तिला धक्का लागू दिला असता का मी! रोज सकाळी शाळेच्या कोपऱ्यावर आडोशाला उभा राहतो, भावोजी. दुसऱ्या कुणाला त्यांनी पाठवलं तर, म्हणून."

इतके दिवस ज्या माणसाच्या धाकाने चष्मेवाले रस्ता ओलांडताना मागे वळून बघत होते, तो माणूस त्यांच्याच मुलीची राखण करत होता!

"हिच्या पायाला काय झालंय?" त्यांनी घोडीकडे बोट दाखवलं.

"सांधा गेलाय. सुई टोचून पळवतात. दुखणं कळू नये म्हणून." त्याने नाक पुसलं. "आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. बोलत कुणीच नाही."

"का?"

"तुम्ही का बोलत नाही?"

चष्मेवाले तिथेच, गवताच्या पेंढीवर, मेहुण्याशेजारी बसले. सेक्रेटरीचं काय चाललंय, घोडे विकले तर कुठे जातील, तबेल्यातल्या माणसांना दुसरं कोणतं काम येतं, हे ते विचारत गेले आणि तो सांगत गेला. उठताना ते एवढंच म्हणाले, "उद्या बैठक सगळ्यांना खुली आहे. ये असं म्हणत नाही. पण खुली आहे."

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचं सभागृह भरून गेलं. सेक्रेटरी पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसला होता. मागे तबेल्याची माणसं खाली मान घालून उभी होती. एका कडेला बायको आणि आई. मेहुणा कुठे दिसत नव्हता.

तीन हात अनुदानाच्या बाजूने वर झाले, तीन विरुद्ध. अध्यक्षांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. सेक्रेटरीनेही पाहिलं आणि किंचित हसला.

चष्मेवाले उठले. पाण्याचा पेला उचलला तर अर्धं पाणी टेबलावर सांडलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"हसा," ते म्हणाले. "मी घाबरलेलो आहे. मला फोन आले. माझ्या दुकानाची काच फोडली. माझ्या मुलीच्या शाळेचा रस्ता माहीत आहे, असं मला सांगितलं गेलं. काल मी ताप आल्याचं सोंग करणार होतो!"

अध्यक्षांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"माझं मत अनुदानाच्या विरुद्ध आहे. पण एक गोष्ट मला जोडायची आहे. हे घोडे आणि ही माणसं आपणच इतकी वर्षं त्या मैदानावर ठेवली. त्यांना असं उघड्यावर सोडता येणार नाही. वर्षभर त्यांचा चारा आणि त्यांचे पगार शहराने द्यावेत, तोवर त्यांना दुसरं काम बघून द्यावं. बाकीचा सगळा पैसा सूतिकागृहाला द्या."

"धमक्यांचा पुरावा काय?" सेक्रेटरी उभा राहून ओरडला. "शहराची बदनामी करताय तुम्ही!"

"पुरावा मी आहे."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. दारात मेहुणा उभा होता. चेहरा पांढराफटक, पण उभा होता.

"फोन मी केले. हे सेक्रेटरी शेजारी उभे राहायचे. दगडही मीच मारला."

त्याच्या बहिणीच्या तोंडून अस्फुट किंकाळी निघाली. सेक्रेटरी त्याच्या दिशेने दोन पावलं सरसावला, पण मागे उभ्या तबेल्याच्या माणसांतला एक म्हातारा मोतद्दार मध्ये येऊन उभा राहिला. मग दुसरा आला, मग तिसरा. त्यांनी कुणावर हात उगारला नाही. ते नुसते मध्ये उभे राहिले. इतकी वर्षं ज्यांच्या माना खाली होत्या, त्यांच्या माना वर झाल्या!

मत पुन्हा घेतलं गेलं. चष्मेवाल्यांच्या प्रस्तावाला पाच हात वर झाले.

सगळंच गोड झालं, असं मी सांगणार नाही. सेक्रेटरीवर चौकशी बसली, ती रखडत चालली आहे. मेहुण्यालाही पोलीस चौकीच्या खेपा घालाव्या लागल्या. तबेल्यातले काही जण शहर सोडून गेले; काही अजूनही चष्मेवाल्यांना बघून तोंड फिरवतात. बहिणीने भावाशी कित्येक महिने अबोला धरला. शेवटी म्हातारीनेच त्याला हाताला धरून घरात आणलं आणि म्हणाली, "चुकलाय तो. पण चारचौघांत स्वतःच्या तोंडाने चूक सांगितली त्याने. तेवढं किती जणांना जमतं, ते सांग मला!" बहीण रागावून उठली, आत गेली, आणि बऱ्याच वेळाने त्याच्यासाठी ताट वाढून बाहेर आली. ती लंगडी घोडी आता जनावरांच्या दवाखान्याच्या कुरणात चरते. सूतिकागृहावर नवं छप्पर चढलं आहे आणि आत पोरं रडू लागली आहेत.

चष्मेवाल्यांना अजूनही भीती वाटते. ते तसं कबूल करतात. पण मित्रहो, त्या शहरात इतकी वर्षं चुकीच्या गोष्टी चालल्या त्या एखाद्या सेक्रेटरीच्या ताकदीवर चालल्या नव्हत्या. हा त्याला भीत होता, तो याला भीत होता, आणि जो तो समजत होता की भित्रे आपणच एकटे! एकाने आपली भीती मोठ्याने सांगितली आणि दुसऱ्याला दारातून आत यायचं बळ आलं. भीती वाटते त्यात लाज कसली? ती माणसालाच वाटते. मात्र आपलं मत मागायला जेव्हा कुणी येईल, तेव्हा ते आपण स्वतः द्यावं. आपल्या भीतीला आपल्या जागी पाठवू नये.