पपांची जीप आणि आमची गल्ली

वाळवंट तुडवणारी, कमरेएवढ्या पाण्यातून जाणारी जीप मी जपानहून मागवली, आणि ती माझ्याच गल्लीत अडकली. असे दिवे मीच लावू जाणे.

कारण झाले पपा. इसिडोर पपांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं नि ते खुर्चीला चिकटले. डॉक्टर म्हणाले, चालले नाहीत तर अंथरुणाला खिळतील. माझी झोप उडाली, पण पपा कुणाचं ऐकतील तर शपथ. शेवटी त्यांच्या वॉकरवर माझी बायको विनी टॉवेल वाळत घालायला लागली. पपांना एकाच विषयावर वाचा फुटायची: तरुणपणी मस्कतला चालवलेली डिझेल जीप. मग मी, ॲलन, घरातला शहाणा, ठरवलं की तसलीच जीप दारात उभी करायची. हॉर्न वाजला की पपा उठलेच पाहिजेत!

"त्यापेक्षा त्यांचा हात धरून चालव ना रे," विनी म्हणाली. पण सोपं काम करेल तो ॲलन कसला?

पन्नास वर्षांहून जुनी गाडी बाहेरून आणता येते हे कळल्यावर तर मला चेवच चढला. कस्टम, आरटीओ, सगळीकडे नाक घासलं. जीपची उंची, ताकद, सगळं मला पाठ होतं. रुंदी तेवढी राहिली. अंधेरीच्या गावठाणात जन्म गेला, शेजारच्या शकुमावशीचं कपाट खिडकीतून आत घेताना मीच दोरी धरली होती, तरी गल्ली मोजायचं काही सुचलं नाही.

गल्लीतल्या जुन्या क्रुसापाशी वळताना वाट लागली. एका बाजूला शकुमावशीचा ओटा, दुसरीकडे क्रुसाचा कठडा. गाडी पुढे जाईना, मागे येईना, दारंही उघडेनात. अख्खं गावठाण गोळा झालं.

"ॲलन, आता आतच राहतोस काय रे? जेवण खिडकीतून देऊ?" शकुमावशीने विचारलं.

घाबरून मी हॉर्नवर हात दाबून धरला.

थोड्या वेळाने समोरची गर्दी बाजूला झाली. वॉकर आपटत पपा येत होते. ओला टॉवेल अजून त्यावरच लोंबत होता. मागे विनी, तोंडावर हात धरून.

"गाढवा, क्रूस पाडतोस काय? आणि हे स्टिअरिंग उजवीकडे कसं? माझ्या गाडीला डावीकडे होतं!"

"पपा, तुम्ही चालत आलात," मी म्हणालो.

"मग काय उडत येऊ? स्टिअरिंग काट! जाने दे... जाने दे... बस!"

बॉनेटवर थापा मारत त्यांनी मला मागे काढलं. घामाघूम झाले होते, पण चेहरा असा फुलला होता की मला गाडीतच रडू कोसळलं. इतका आनंद मला जीप बोटीतून उतरली तेव्हाही झाला नव्हता.

नंतर ओट्यावर टेकून पपांनी शकुमावशीचा चहा घेतला. जीपकडे बघत बसले. मग वॉकर पुढे ओढून उठले आणि मला म्हणाले,

"उद्या किती वाजता अडकवतोस?"